झायफर्टांच्या बाथरूमची खिडकी

गोटहोल्ड झायफर्टांनी पस्तीस वर्षं एकाच इमारतीची देखभाल केली. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, त्यांचे नळ, जिने, बॉयलर. पण ही त्यांच्या मते फुटकळ कामं. खरं काम एकच, लोकांना खिडक्या उघडायला लावणं. सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, सताड. नव्या भाडेकरूला किल्लीबरोबर बुरशीवर अर्ध्या तासाचं व्याख्यान फुकट मिळे. निवृत्तीनंतरही ते तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहिले, आणि लोकांपुढे उदाहरण असावं म्हणून त्यांच्या बाथरूमची खिडकी बारा महिने चोवीस तास उघडी राहिली.

त्या खिडकीखाली बाल्डुइनची शी-शूसाठीची वाळूची पेटी होती. बाल्डुइन म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा बोका. वजन सात किलो, स्वभाव निवृत्त न्यायाधीशाचा.

जानेवारीत आमच्या एर्झगेबिर्गच्या डोंगरात पारा उणे चौदावर गेला. बाल्डुइनने वाळूत एक पंजा ठेवला, झटकला आणि झायफर्टांच्या लोकरी सपातांत काम उरकलं. सपाता कपाटावर गेल्या. मग त्याने कामच बंद केलं. मंगळवार सकाळपासून एक थेंब नाही.

बुधवारी दुपारी जनावरांच्या डॉक्टर ओमेबाईंनी त्याचं पोट दाबून पाहिलं.

"अडथळा नाही. धरून ठेवलंय. पेटी कुठे असते?"

"बाथरूममध्ये, खिडकीखाली."

"खिडकी बंद असते ना?"

"बाईसाहेब, मी पस्तीस वर्षं इमारत सांभाळली आहे!"

"आणि मी मांजरं. सहापर्यंत शू झाली नाही तर घेऊन या. गुंगी देऊन नळी घालावी लागेल. या वयात त्याला गुंगी झेपेलच, असं मी सांगणार नाही."

झायफर्टांनी घरी येऊन खिडकी सोडून बाकी सगळं बदललं. वाळू केक भाजायच्या पत्र्यावर पसरून हीटरवर तापवली. पेटीखाली लोकरीचं ब्लँकेट घातलं. बोक्याच्या म्हाताऱ्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून पेटीची पुढची कड करवतीने खाली आणली. शेवटी खाली गरम पाण्याची पिशवी सरकवली. बाल्डुइन आत उतरला, पिशवी गुडगुडली, आणि सात किलो न्यायव्यवस्था थेट वॉशिंग मशीनवर चढली. पाच मिनिटांत वाळू पुन्हा गार.

"खिडकी लाव," त्यांची बायको इर्मट्राउट म्हणाली.

"मग वास?"

"येईल. मांजर आहे ते, गुलाब नाही."

"बुरशी धरेल!"

"गोटहोल्ड, या वाऱ्यात पँट काढून बसून बघ."

"मी रोज बसतो! आणि तूही बसतेस. कधी तक्रार केलीस?"

"कशाला करू? तीस वर्षं मी आत गेले की खिडकी लावते, आणि निघताना पुन्हा उघडते."

झायफर्टांनी खिडकीची खिट्टी बोटाने चाचपली.

"रोज?"

"चार-पाच वेळा. तुझी बुरशी दिसते का कुठे?"

त्यांनी छताचे चारही कोपरे तपासले. पांढरेशुभ्र. मग मशीनवरच्या बाल्डुइनकडे पाहिलं. पोट टम्म, डोळे अर्धे मिटलेले. पाच वाजून गेले होते.

झायफर्टांनी खिडकी लावली.

वाळू पुन्हा तापवून भरली, दार किलकिलं ठेवलं आणि दोघं स्वयंपाकघरात जाऊन बसले. कॉफी कपात गार झाली. सहाला वीस कमी असताना वाळू उकरल्याचा आवाज आला. मग शांतता. मग धार.

"इतका वेळ?" झायफर्ट कुजबुजले.

"दीड दिवसाचं आहे." इर्मट्राउटने त्यांची बाही घट्ट धरली होती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तळमजल्याच्या टॉयब्नरबाई, ॲप्रनवर कोट, हातात फोन, धाप लागलेली.

"झायफर्ट साहेब, जिवंत आहात ना? अंगणातून पाहिलं तर तुमची खिडकी बंद! मी ॲम्ब्युलन्स बोलवत होते."

"बाल्डुइन मुतला," झायफर्टांनी जाहीर केलं. "खिडकी मीच लावली. त्याला थंडी वाजत होती."

टॉयब्नरबाईंनी फोन कोटाच्या खिशात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता आम्हीही लावल्या तर चालतील?"

"अजिबात नाही," झायफर्ट म्हणाले. "तुमच्याकडे मांजर कुठे आहे?"