टरटरमामांची मऊ बोली

टरटरमामा रेडिओवर जे बोलत, ते कुठल्या कोशात शोधायला गेलात तर डोकं धरून बसाल. "खटाफटांग ठिस्कू! झिरपट चुक्क!" असं ते कडाडले की ऐकणाऱ्याला मात्र अचूक कळायचं: हा कारकून आहे, खिडकीतून खेकसतोय आणि याला जेवणाची सुट्टी गाठायची आहे.

कामाची रीत ठरलेली. नवा तुकडा जमला की मामी स्वयंपाकघरात, मामा बाहेर आणि मधलं दार बंद. रेडिओत हातवारे दिसत नाहीत, मग मामींना तरी का दिसावेत? कोण बोललं, काय झालं, ते मामी आतून भाजी चिरता चिरता सांगत. त्यांना कळलं नाही तर तुकडा केरात. नवरा म्हणून सवलत नाही.

मग मामांचे दात गेले. डॉक्टरांनी उरलेसुरले काढून कवळी बसवली आणि तिचं नि मामांचं पहिल्या दिवसापासून वाकडं. 'ट' म्हटलं की खडखड, 'स' म्हटलं की शिट्टी.

"अहो, मला वाटलं कुकरच झाला!" मामी दाराआडून म्हणाल्या.

मामांना हसू आलं नाही. रविवारचा कार्यक्रम तोंडावर आला होता. रेडिओ केंद्राचे साहेब तसे भले गृहस्थ. म्हणाले, "मामा, जिवाला त्रास कशाला? जुनी टेप लावू. लोकांना काय कळतंय?"

"मला कळेल ना."

"मग बोला. पण अडखळलात तर टेप सुरू करीन, आणि पुढे दर रविवारी टेपच."

मामांनी घसा बसेपर्यंत सराव केला. शेवटी वैतागून कवळी पेल्यात टाकली आणि तोंडात काय शिल्लक आहे ते चाचपलं. म, य, ल, व, ह. एवढ्या मऊ मालात कारकून काही बसेना, खेकसताच येईना. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं खिडकीच्या आतलाच बोलत होता. बाहेर उभ्या असलेल्याला आपण कधी तोंडच उघडू दिलं नाही. मामांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी दार लोटलं. "वल्यम्मा हेलू... म्हं? ललव. हेलू वल्यम्मा."

आतलं चिरणं थांबलं.

"म्हातारा आहे कुणीतरी," मामी म्हणाल्या. "त्याला परत जा म्हणतायत." आणि जरा वेळाने, "पण तो जात नाहीये."

रविवारी साहेब काचेपलीकडे बटणावर बोट ठेवून बसले. लाल दिवा लागला. म्हातारा बोलला, त्याला हाकललं गेलं, त्याने पुन्हा तेच तितक्याच अदबीने विचारलं. मग तो इतका वेळ गप्प राहिला की साहेबांचं बोट दाबायला टेकलंच. तेवढ्यात म्हाताऱ्याने दम घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. साहेब खदखदून हसले, हसता हसता गप्प झाले आणि त्यांनी बोट मागे घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर ते टेप हातात घेऊनच आत आले. "मामा, हिचं काय करू आता?"

मामांनी खिशातली कवळी काढून चढवली. हे त्यांना अगदी स्पष्ट सांगायचं होतं.

"मी मेल्यावर लावा."