श्रावस्तीचे पप्पा

“प्रश्न वाकडा हाय मॅडम, लेकरू सरळ हाय.”

मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात चपला काढायच्या, शर्टाच्या खिशातून प्रश्नपत्रिका काढायची, माझ्या टेबलावर ती तळहातानं दाबून सपाट करायची आणि मग हे वाक्य म्हणायचं, अशी श्रावस्तीच्या पप्पांची पद्धत होती. भांडायला आलेल्या पालकाचा आवाज व्हरांड्यातूनच कळतो. यांचा आवाज शेजारी विरजण मागायला आलेल्या माणसासारखा असायचा.

कुरुंद्याच्या अलीकडं एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. वसमतहून स्कूटीवर येते-जाते. श्रावस्ती माझ्याकडं तिसरीला आली आणि चौथीतही माझ्याकडंच राहिली. तिचे पप्पा हंगामात हळद शिजवायच्या कुकरवर काम करायचे, बाकीचे महिने विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. दहावीला विज्ञानात नापास झालेले. ते लपवायचे नाहीत. “मी सायन्समधीच गेलो. दोन डाव बसलो, दोनी डाव गेलो,” असं सांगून हसायचे.

तुम्हीही शाळेत येणारे पालक पाहिले असतील. बहुतेकांना मार्क हवे असतात. शेजारच्या पोराला दोन जास्त पडले, ते कसे, हे विचारायचं असतं. यांना मार्कांचं फारसं नव्हतं. लेकरानं असं काहून लिहिलं, आणि ते चूक असेल तर काहून चूक, एवढंच पाहिजे असायचं. चाचणी झाली की दुसऱ्या दिवशी ते परिसर अभ्यासाची एक कोरी प्रश्नपत्रिका मागून न्यायचे. घरी आधी स्वतः पेन्सिलीनं सोडवायचे, मग मुलीला विचारायचे. दोघांची उत्तरं वेगळी निघाली की तिच्या आईला बोलवायचे. आई म्हणायची, मला भाकरी करू द्या. हे सगळं मला श्रावस्तीनंच सांगितलं होतं.

तिसरीच्या पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न काढला होता. हळद हा वनस्पतीचा कोणता भाग आहे? मूळ, खोड, पान की फळ? मुलांनी मूळ लिहिलं. श्रावस्तीनं एकटीनं खोड लिहिलं आणि मी लाल पेनानं फुली मारली. जमिनीखाली असतं ते मूळ, इतकंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा हातात हळदीचा ओला गड्डा होता, वावरातून उकरून आणलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि बोटानं दाखवत म्हणाले, “मुळाला डोळे ऱ्हात न्हाईत, मॅडम. ह्याला हायेत. डोळा फुटला की कोंब येते. मंग हे मूळ कसं?”

मी बघते म्हणाले. घरी जाऊन माझी जुनी पुस्तकं काढली. हळद खोडच होती, जमिनीखाली वाढणारं खोड. सकाळी वर्गात मी मुलांना सांगितलं की बाईंचं चुकलं होतं, श्रावस्तीचं बरोबर होतं, आता बाकीच्यांचा एकेक मार्क कमी होणार. मुलांनी एवढं मनावर घेतलं नाही. पण संध्याकाळी शाळा सुटताना ते फाटकाशी उभे होते. बाकीच्यांचे मार्क कापू नका, म्हणाले. त्यांच्या घरी कोणी सांगितलं नसंल, त्यात लेकरांचा काय दोष.

सगळ्याच वेळी ते बरोबर असत, असं नाही. तिसरीच्या वार्षिक परीक्षेत प्रश्न होता की बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या ग्लासाला बाहेरून थेंब कुठून येतात. श्रावस्तीनं लिहिलं होतं, ग्लास झिरपतो. मी विचारलं तर म्हणाली, पप्पांनी सांगितलं, माठ झिरपतो तसा ग्लास झिरपतो. मी तिला हवेतल्या बाष्पाचं समजावलं. ते तिनं घरी सांगितलं, पण पप्पांना काही ते पटेना.

मग त्यांनी रसवंतीवरून बर्फ आणला. स्टीलच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात चमचाभर हळद कालवली, बर्फ टाकला आणि बापलेक ग्लासासमोर बसून राहिले. बाहेर थेंब आले. ते पांढऱ्या रुमालानं पुसले. रुमाल पांढराच राहिला. ग्लास झिरपत असता तर रुमाल पिवळा व्हायला पाहिजे होता. त्यांनी श्रावस्तीला वही आणायला लावली आणि लिहून घे म्हणाले, पप्पा चुकले. तिनं तारीख घालून लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दोघंही माझ्याकडं आले. मुलगी हसू दाबत होती. ते गंभीर होते.

हळूहळू गावात त्यांचं नाव झालं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी अवघड प्रश्नाचा फोटो टाकला की मी उत्तर देण्याआधी दोनतीन जण लिहायचे, श्रावस्तीच्या पप्पांना विचारा. ते लगेच उत्तर द्यायचे नाहीत. हातातली मोटार खोलून झाली की लिहायचे, तेही सावकाश. एकदा एका आईनं विचारलं होतं, वटवाघूळ पक्षी का नाही? त्यांनी लिहिलं, ‘ते अंडं देत नाही, लेकराला दूध पाजते. उडते म्हणून नुसतं फसू नका.’ खाली बारा अंगठे आले होते.

चौथीची पहिली सत्र परीक्षा झाली. परिसर अभ्यासाचा पेपर शेवटच्या दिवशी होता आणि त्याच दुपारी दिवाळीची सुट्टी लागली. त्यामुळं त्या वेळी ते प्रश्नपत्रिका न्यायला आले नाहीत. मी पेपरांचे गठ्ठे बांधून वसमतला आणले आणि तिथून माहेरी गेले.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी श्रावस्तीला ताप आला. गावात औषध घेतलं, मग वसमतला दाखवलं, मग नांदेडला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. मला हे ग्रुपवरच्या मेसेजवरून कळलं. मी आईबरोबर वसमतला न्यायच्या चकल्या तळत होते. मेसेज वाचला, फोन उपडा ठेवला आणि उरलेला घाणा काढला. एकही चकली करपली नाही. आईनं विचारलं, कोणाचा होता? मी म्हणाले, शाळेचा.

सुट्टीत मी गठ्ठा सोडला. पेपर तपासत गेले. तिचा पेपर आला तेव्हा तो बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. सगळे झाल्यावर तो तसाच गठ्ठ्याच्या खाली घातला.

शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी तिच्या नावावर लाल रेघ मारायला सांगितली, ती मी पट्टी धरून मारली. ऑनलाइन नोंदीतूनही नाव काढावं लागतं. तिथं कारण निवडायचं असतं. मी निवडलं. हजेरी घेताना सोळानंतर अठरा म्हणायला लागले. अठरा नंबरची मुलगी पहिले काही दिवस उशिरा हजर म्हणायची, कारण तिला सतराची वाट बघायची सवय होती. नंतर तिलाही जमलं.

मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या खाली आता तिचा. तो शाळेच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला होता. तिच्या आईनं चहा ठेवला. मी काही बोलायचं ठरवून गेले होते, ते आठवलं नाही. ते दारात बसून एक मोटार खोलत होते. पाण्यात बुडून मोटार जळली की दुरुस्तीला किती दिवस लागतात, हे त्यांनी मला बराच वेळ सांगितलं. मी व्हय, व्हय करत ऐकलं. ते मोटारीबद्दल बोलतायत हे बरं वाटलं. तेव्हा मला आणखी काहीच वाटलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

संक्रांतीच्या आधी एके दिवशी मधल्या सुट्टीत ते दारात उभे दिसले. मी आत या म्हणाले. ते मुलांच्या सतरंजीवर बसायला निघाले, मी खुर्ची दिली. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, “मॅडम, तिच्या शेवटच्या पेपरला किती पडले?”

मी खरं ते सांगितलं. मी तो तपासलाच नव्हता.

“मंग तपासा,” ते म्हणाले. “मी बसतो.”

मी कपाटातून तो काढला. पेन हातात घेतलं. मी काय करणार ते त्यांना आधीच कळलं असावं. “बराबर तपासा,” म्हणाले. “चुकलं आसंल तर चूक करा. फुकटचे नका देऊ.”

बाहेर मुलं लंगडी खेळत होती. मी एकेक उत्तर वाचत गेले. जोड्या बरोबर होत्या. पाण्याच्या तीन अवस्था बरोबर. रिकाम्या जागा बरोबर. प्रत्येक बरोबरच्या खुणेबरोबर ते मान हलवत होते, कारण ती सगळी उत्तरं परीक्षेआधी त्यांनीच तिच्याकडून करून घेतलेली होती. मग पुढचा प्रश्न आला. पुढीलपैकी सजीव कोणते? नदी, आग, बी, ढग. तिनं आगीला गोल केला होता. शेजारी समासात, पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आग खाते, वाढते, तिला हवा लागते.’

मी थांबले. तिनं कारण लिहिलंय, अर्धे मार्क देता येतील, असं काहीतरी मी म्हणाले.

त्यांनी पेपर आपल्याकडं ओढून घेतला. ते समासातलं पुन्हा पुन्हा वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. “हे मी सांगितलं न्हवतं,” म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “हा प्रश्न मी बघितलाच न्हवता. हे तिचं तिनं लिव्हलं.”

त्यांनी पेपर परत माझ्याकडं सरकवला.

“पण चूक हाय,” ते म्हणाले. “बी पाहिजे व्हतं. चूक करा, मॅडम.”

मी फुली मारली. दोन मार्कांचा प्रश्न होता. बेरीज केली, पुन्हा केली. वीसपैकी अठरा. पहिल्या पानावर लिहून खाली सही केली, सगळ्यांच्या पेपरवर करते तशी. त्यांनी विचारलं, घरी न्हेऊ का, तिच्या मम्मीला दाखवायचं हाय. पेपर शाळेत ठेवायचे असतात. मी न्या म्हणाले.

ते दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, “घरात काय बोलावं ते समजत न्हाई, मॅडम. आदी प्रश्न तरी ऱ्हायाचे.” मग जय भीम म्हणून चपला घातल्या आणि गेले.

हळदीचा हंगाम सुरू झाला तसे ते कुकरबरोबर सेनगावकडं गेले, असं कोणीतरी सांगितलं. नंतर बायकोलाही तिकडंच नेलं. ग्रुपवर अवघड प्रश्नांचे फोटो येतात. उत्तर मीच देते.

पुढच्या चाचणीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये गेले नाही. वर्गातच डबा उघडला आणि बसून राहिले. दारात कोणी आलं नाही. मग घंटा झाली, मुलं आत आली, आणि मी त्यांना वह्या काढायला सांगून फळ्यावर शुद्धलेखन लिहायला घेतलं.