काकाजीच्या जीपले ट्रॅक्टरचा टायर

दोस्तहो, आज थोडक्यात वाचलो.

आमच्या काकाजीच्या जुन्या जीपचे चारही टायर गेले होते. काकाजीची एकच अट, "पहिले होते तसेच पायजे. बारीक, ट्यूबवाले. रुंद चकचकीत आणशीन तर स्टेरिंगले हात लावू देणार नाई."

चंद्रपुरात चार दुकानं फिरलो, सगळीकडं रुंदच. शेवटी चामोर्शीत एका दुकानात टायरवरचा साइजचा आकडा बरोबर जुळला. मी उचलूनच घेत होतो, तं दुकानदार भाऊनं इचारलं, "ट्रॅक्टर कोणता हाय?"

"ट्रॅक्टर नाई, जीप हाय."

"मंग ठेव खाली! हा ट्रॅक्टरच्या समोरचा टायर हाय. साइज बसते, पण रोडवर पळवशीन तं घसरून धानाच्या बांधीत, चिखलातच जाशीन." अन् त्यानं मागून जीपचेच बारीक टायर काढून देल्ले.

आता गपचूप घरी जावं ना? नाई. मी ट्रॅक्टरच्याच टायरचा फोटो काकाजीले धाडला, "घेतले चार!"

मंग मस्करी होती हे सांगाले फोन लावला, तं काकाजीनं उचललाच नाई.

घरी काकाजीनं नव्या टायरवर हात फिरवला, आकडा वाचला अन् खिशातून चाबी देल्ली. घरच्या ट्रॅक्टरची. "तुले तेच टायर आवडले ना? जा, बांधीत चिखल करून ये."

माहं तोंड पाहून मंग हासले अन् दुसऱ्या खिशातून जीपची चाबी काढली.

आता जीपमदीच बसून लिहून राह्यलो. तुमच्या घरी मस्करीत तुमचा बी बाप कोण हाय, सांगा.