सुतळीनं बांधलेला गेम
सुतळीचा गुंडा दिसला की रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाचा भाचीचा वाढदिवस मला आठवतो. भेट म्हणून मामा स्वतः बनवलेला गेम देणार, असं मी आधीच गावभर सांगून बसलो होतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्या त्या गेममध्ये आमच्या बुढापारा मोहल्ल्याच्या गल्लीतून गायी चुकवत स्कूटर न्यायची. माझ्याकडे तो झकास चाले, पण सीडीवर घालून शंकर नगरात ताईकडे नेला तर उघडेचना. आधी तिच्या कॉम्प्युटरवर पायथन टाका, मग गेम चालवणारं इंजिन टाका, मग आणखी काहीतरी. शेवटी माझा अख्खा कॉम्प्युटरच सुतळीनं स्कूटरला बांधला आणि मागे बायको मॉनिटर कवटाळून बसली. वाटेत खरीच गाय आडवी आली. "गेममधल्यासारखी ठोकू नका हो!" बायको ओरडली. दारात ताई म्हणाली, "काहून रे, गेम आण म्हटलं, तू तं दुकानच उचलून आणलं!" भाची म्हणाली, "मामा, चलेगा ना?" चालला! पोट्टीनं पहिल्याच फेरीत गाय ठोकली आणि स्वतःच टाळ्या पिटल्या. आजही पायथनचं नवं गेम इंजिन आलं की मी एकच विचारतो, ताईच्या घरी नुसत्या क्लिकवर गेम उघडेल का? बायको मात्र सुतळी अजून जपून ठेवते.