फायरवॉलच्या बाहेरचा डबा

बुद्धभूषण रोज धायरीहून स्कूटरवर येतो आणि कुणाशी बोलण्याआधी फायरवॉलचे, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर पहारा देणाऱ्या यंत्राचे, दिवे पाहतो. सिंहगड रस्त्यावरच्या त्याच्या ऑफिसात बँकांच्या तिजोरीखोल्यांचे नकाशे होतात. ते बाहेर जाणार नाहीत, सगळी दारं बंद राहतील, असं बँकांना लिहून दिलं आहे. खाली सही त्याची.

सहा वर्षं त्याने वायफायला नकार दिला. यंदा मालकीणबाई, उत्कर्षा मॅडम, ऐकेनात.

"एक डबा आणायचा, आतल्या वायरीला जोडायचा. माझ्या भाच्याने घरी दहा मिनिटांत केलं."

"घरी तिजोऱ्या नाहीत, मॅडम."

त्याने चार दिवस घेतले. डबा फायरवॉलच्या बाहेर, स्वतंत्र वायरीवर. लांबलचक पासवर्ड. तो जुळला तरी मिळणार फक्त इंटरनेट. नकाशांपर्यंत यायचं तर फायरवॉलपाशी प्रत्येकाने पुन्हा ओळख पटवायची. आम्ही काय चोर आहोत का, असा ऑफिसात सूर निघाला. तो ऐकून बुद्धभूषण दसऱ्यासाठी नागपूरला, दीक्षाभूमीवर गेला.

परतला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासची मुलंमुली जिन्यात पायरी-पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती, वाचनालयात बसावं तशी शांत. त्याने स्वतःचा फोन काढला. ऑफिसच्या वायफायचं नाव गायब होतं. त्या जागी डब्याच्या कंपनीचं नाव. त्यावर बोट ठेवलं. पासवर्ड न विचारता फोन जोडला गेला. मुलांमधून वाट काढत तो ऑफिसात शिरला.

आत डब्याला हळद-कुंकू होतं, झेंडू होता, आणि टाचणीएवढ्या भोकात जळून गेलेल्या उदबत्तीची काडी उभी होती. त्या भोकात बटण असतं. दहा सेकंद दाबलं की डबा सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो.

त्याने झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारली. "कांतामावशी, ही काडी?"

"खंडेनवमीची पूजा, दादा. तुमच्या मशिनीला कोण करणार होतं? भोक तयारच होतं."

"सहज गेली आत?"

"अडली. मग धरली दाबून, आरती होईपर्यंत."

फायरवॉलची नोंद उघडताना त्याचा स्वतःचा पासवर्ड दोनदा चुकला. तीन दिवसांत त्रेसष्ट अनोळखी फोन. सगळे इंटरनेटवर. आत एकही नाही.

"म्हणजे काही झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "मिटलं."

"बँकांना कळवतोय."

"काही गेलं नसताना?"

"बाहेरचं दार तीन दिवस उघडं होतं. ते बंद आहे असं मी लिहून दिलंय."

"काम गेलं तर?"

"तर कळवून गेलं."

मॅडम खाली बसल्या. पूजा जास्त भयंकर की हा माणूस, हे त्यांना ठरवता येईना. तोवर पत्र गेलं होतं.