अंगठे उचलणारी मास्तरीण

सरावलीच्या कापणी झालेल्या भातशेतावर विमान उलटं उडत होतं आणि मी रिमोटवरचे दोन्ही अंगठे उचलून स्वस्थ उभी होते. जणू आता देवच येऊन ते सुलटं करणार होता.

तेव्हा मी बावन्न वर्षांची. शाळेची नोकरी सोडून मसोलीच्या एका वर्कशॉपमध्ये लोकांना रिमोटची विमानं उडवायला शिकवायचे. तेव्हाची ती बाई आज भेटली तर तिचा कान पिळीन.

शिकाऊ विमानाला ट्रेनर म्हणतात. त्याचे पंख पाठीवर, टोकांशी जरा वर उचललेले. गडबडलात तर स्टिक, म्हणजे रिमोटवरच्या दांड्या, सोडा. उंची असेल तर ते आपणहून सरळ होतं. "हात सोडा!" असं मी दिवसातून वीसदा ओरडायचे. एरोबॅटिक म्हणजे कसरतीचं विमान. त्याचे पंख मधोमध, वरून-खालून सारखेच फुगीर. ते ठेवाल तसंच राहतं. मला हे पाठ होतं. अंगठ्यांना नव्हतं.

हे विमान जानूभाऊंनी बनवलेलं. तलासरीकडच्या डोंगरातले शेतकरी. भात-नाचणीची कामं उरकली की वर्कशॉपला यायचे. बाल्सा या हलक्या लाकडाची एकेक फासळी त्यांनी ब्लेडने कापली होती. त्यांचं पहिलंच एरोबॅटिक, तीन महिन्यांचं काम. संध्याकाळी डहाणूचे एक डॉक्टर ते न्यायला येणार होते.

"ताई, चाचणीला केबल लावू ने?" वर्कशॉपचे गुजराती मालक, आमचे शेठ, म्हणाले. केबलने दोन रिमोट जोडतात. शिकणारा चुकला की दुसरा सांभाळतो.

"मला केबल? उद्या चपात्या लाटतानाही मागे उभे राहाल!"

पहिला रोल झकास झाला. म्हणजे विमानाची स्वतःभोवती एक गिरकी. दुसऱ्यात शेठना दाखवायला म्हणून मी उलट्यावरच थांबले. मग घाबरले आणि सवयीने अंगठे वर. विमान उलटंच राहिलं. नाक हळूहळू जमिनीकडे वळलं.

"बाय, हात कशाला सोडलास?" मागून जानूभाऊ.

मी स्टिक ओढली. उलट्या विमानाची स्टिक ओढली की ते आणखी जोरात खाली येतं.

"ओढू नको! आधी सुलटं कर, मग ओढ!"

तसं केलं. विमान बांधावरून हातभर उंचीने गेलं. कसंबसं उतरवलं तेव्हा एक चाक मोडलं, बाकी सगळं शाबूत.

मी मोडलेलं चाक उचललं. "भाऊ, तुम्ही तर कधी रिमोट धरला नाहीत. कसं कळलं?"

"तासताना हातात धरून फिरवतो ना. पंखा-शेपटीची कुठली पट्टी हलली की कुठे वळेल, ते बघत बसतो." त्यांनी पंखावरची माती पुसली. "दोन्ही बाजू मीच सारख्या घासल्यात, बाय. वर कुठलं ते त्याला कुठून कळणार?"

मी वर्षभर वाचलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं.

चार वाजेपर्यंत त्यांनी नवं चाक बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, "चाचणी नीट झाली ना?"

"फारच सविस्तर," मी म्हटलं. शेठ खोकले.

ट्रेनरवरून एरोबॅटिकवर जाणाऱ्यांना मी तेव्हापासून एकच सांगते: उडवण्याआधी, ज्याने ते घडवलं त्याच्याशेजारी अर्धा तास बसा. आणि तोंड बंद ठेवा. मास्तरणींनी तासभर.