कचरूचा हलका कामठा

पिशोरच्या भिल्ल वस्तीखाली एक पाझर तलाव आहे. त्या तलावात तिरकामठ्यानं मासा मारणारा आता एकटा कचरू उरला होता. बाकीच्यांनी जाळी घेतली, तरण्या पोरांनी गाव सोडलं. कचरूचा बाप ससा-तितराची शिकार करायचा. कायद्यानं ती बंद झाली, तेव्हा त्यानं तिरांची जुनी पाती लोहाराला देऊन टाकली आणि पोराला घेऊन पाण्यात उतरला. "हितं जास्त थांबावं लागतंय," एवढंच तो म्हणाला होता.

कचरू थांबायला शिकला. तो तलावात उभा असला की बगळे त्याच्याजवळ येऊन उभे राहत, आणि काठावरचे म्हशीवाले ओरडत, "कचरू, ह्यातला बगळा कोनता रं?" कचरू हसायचा नाही. हसलं की पाणी हलतं.

त्याचं लक्ष असे मरळीवर. मरळ पाण्यात राहते खरी, पण श्वास घ्यायला तिला वर यावं लागतं. वर येते, 'गुळुक' करून हवा घेते आणि खाली जाते. बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी वर येते. कचरू त्या जागेकडे पाय न उचलता, चिखलावरून सरकवत जायचा. ऊन तोंडावर घ्यायचा, म्हणजे सावली मागं पडते. मासा दिसतो त्यापेक्षा खाली असतो, म्हणून नेम खाली धरायचा. त्याच्या तिराला पिसं नसत, कारण पाण्यात शिरताना पिसं तिराला वळवतात. पुढं उलट्या काट्यांचं लोखंडी पातं, मागं बारीक दोरी आणि दोरीच्या टोकाला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तरंगता तुकडा, एवढी त्याची सामग्री. पावसाळ्यात कधी मरळीभोवती लालसर पिल्लांचा थवा फिरताना दिसला, तर तो कामठा खाली करून घरी येई. त्याची बायको दगडाबाई रिकाम्या टोपलीकडं बघून म्हणायची, "आज बी लेकुरवाळीच भेटली का?"

गेल्या उन्हाळ्यात नानासाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर पत्रे चढवताना कचरू घसरला आणि उजव्या खांद्यावर पडला. हाड जुळलं, पण या हातात पहिल्यासारखं बळ येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यानं खुंटीवरचा कामठा काढला. दोरी जेमतेम वीतभर ओढली आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

मुलगा माऊली चितेगावला एका कंपनीत कामाला होता. त्यानं वडिलांसाठी फाटकावर राखणदाराची जागा बघून ठेवली. "आबा, नुस्तं बसून ऱ्हायचंय. तुमाला तर सवयच हाय," तो फोनवर म्हणाला. पोरानं मायेनंच म्हटलं होतं, पण कचरूला ते लागलं. जन्मभर आपण नुसते बसून होतो, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"दिवाळीपतोर दम धर," तो म्हणाला. "तवर तिरानं एक मरळ काढली तर आमी हितंच. नाय निघाली तर कुलूप लावून येतो."

फोन ठेवल्यावर दगडाबाई म्हणाली, "आन् मला इचारलं का कुनी?"

"तुला काय वाटतंय?"

"चितेगावला पत्र्याची खोली हाय आन् दारात गाड्याच गाड्या. मला काय वाटायचं? हाताचं बघा तेवढं."

हाताचं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा कचरूनं कामठा बदलायचं ठरवलं. चुलीच्या वर, आढ्याला बांबूची एक फाक धुरानं काळी पडत होती. मागं कधीतरी थंडीत तोडून त्यानंच ती तिथं बांधली होती. ओला बांबू वाकतो, पण नीट परत फिरत नाही. धुरात वाळलेला फिरतो. ओट्यावर बसून त्यानं काचेच्या तुकड्यानं ती फाक तासायला घेतली. थोडं तासायचं, गुडघ्यावर वाकवून बघायचं, जिथं ताठ लागेल तिथं परत तासायचं. घाई केली आणि एका अंगाला जास्त गेलं, तर सगळंच वाया. दिवसभरात मूठभर भुगा पडे. दर वेळी ओढून बघताना खांदा कुरकुर करी आणि कामठा आणखी बारीक होई. अखेर दोरी ओढणारा हात छातीपर्यंत आला. दगडाबाईनं कामठा एका बोटावर तोलून पाहिला.

"ह्यानं मरळ मारायची का तिला गुदगुल्या करायच्या?"

त्याच सुमारास मोहियोद्दीन भेटायला आला. दोघं लहानपणापासूनचे मित्र. मोहियोद्दीनच्या घरात पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजायचं काम. आता शहरात उस्मानपुऱ्यात त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि कापूस यंत्रावर पिंजला जाई. पण पिंजायच्या जुन्या धनुष्याला लागणारी तात, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची दोरी, त्याला अजून वळता येत होती.

"अरे यार कचरू," नवा कामठा बघून तो म्हणाला, "धनुष्य इतकं नाजूक अन् दोरी ही बांबूच्या सालीची जाडजूड? निकाल ती. मी तुला तात देतो."

पुढच्या फेरीला त्यानं तात आणली. पिळून, ताणून, सावलीत वाळवलेली. उजेडात धरली की मधासारखी दिसे. कचरूनं ती चढवली आणि अंगणात भुशाच्या पोत्यावर तीर सोडला. तीर अर्ध्यापर्यंत आत गेला.

"देखा!" मोहियोद्दीननं मांडीवर थाप मारली. "दगडाभाबी, आता मसाला वाटायला घ्या."

"मासा तर येऊ द्या भाईजान. का पोतंच शिजवू?"

आश्विनात पाणी निवळलं. मोहियोद्दीन दुकान पोराच्या हवाली करून मुद्दाम आला आणि दगडाबाईजवळ काठावर बसला. कचरू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. कामठ्याचं खालचं टोक पाण्यात होतं. बराच वेळ गेला. मग समोर मरळ वर आली. कचरूनं दोरी ओढली आणि त्याला कळलं की ती पाणी पिऊन ओल्या फडक्यासारखी ढिली पडली आहे. तीर पुढ्यातच आडवा पडला. मरळ कधीच खाली गेली होती.

मोहियोद्दीनचं तोंड उतरलं. "माझ्यामुळं गेली."

"आरं, तुझी तात जलमभर कोरड्या कापसात ऱ्हायली आन् मी पान्यात. दोघांनी बी इचार केला नाय," कचरू म्हणाला आणि त्याला चहाला घरी घेऊन गेला.

मोहियोद्दीन गेल्यावर दगडाबाईनं फळीवरची भांडी उतरवून पोत्यात भरायला सुरुवात केली. कचरूनं बांबूची साल पुन्हा घेतली, आधीपेक्षा पातळ काढली आणि चढवली. तिला पाण्याचं भय नव्हतं. पण एवढ्या हलक्या कामठ्याचा तीर पूर्वीच्या अंतरावरून सोडला, तर माशाला नुसता लागून सरकला असता.

"तीर मरळीपतोर पोचत नाय," तो म्हणाला, "तर मलाच पोचाया पायजे."

"ती काय तुमाला जवळ येऊ देतीय?"

"ती यायच्या आदीच जाऊन ऱ्हातो."

सकाळी तो मरळ श्वास घेते त्या जागेला अगदी लागून, गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात उभा राहिला. ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही तो तिथंच, त्याच मळक्या धोतरात उभा होता. बारके मासे त्याच्या पोटऱ्या टोचू लागले. चतुर कामठ्यावर येऊन बसला. गार पाण्यानं खांदा ठणकायचा, तरी तो हात बदलत नव्हता. दगडाबाई काठावर टोपली घेऊन बसे आणि दुपारी भाकरी तशीच परत नेई. दिवाळी तोंडावर आली.

मग एका सकाळी मरळ वर आली, पण लांब. परत आली ती थोडी अलीकडं. त्याचे पायही तिला लव्हाळ्याचेच वाटले असावेत. कचरूनं कामठा ओढला नाही. ओढून धरून ठेवायचं बळ खांद्यात नव्हतं. ती पुन्हा वर येण्याच्या अगदी आधी ओढायला हवा होता, म्हणून तो तिच्या श्वासांमधलं अंतर अंगात मुरवत राहिला. ती आली, गेली. आली, गेली. अखेर पाणी सपाट असतानाच त्यानं दोरी ओढली. काळसर डोकं त्याच्या गुडघ्याजवळ वर आलं आणि त्यानं खाली नेम धरून तीर सोडला.

पांगाऱ्याचा तुकडा उडी मारून पळत सुटला. कचरूनं दोरी धरली, पण हात लुळा पडला.

"दगडे!"

दगडाबाई लुगडं खोचून धावत पाण्यात शिरली. "सोडा ती दोरी! खांदा मोडून घेता का परत?" म्हणत तिनं दोरी हाताला गुंडाळली आणि चिखल ढवळत, मागं रेलत मरळ काठावर ओढून आणली. चांगली हातभर लांब मरळ. दोघं धापा टाकत तिच्या शेजारी बसले.

फोन दगडाबाईनंच लावला.

"माऊली, त्या फाटकावर दुसरा मानूस बघ बाबा."

"आबांचा हात बरा झाला?"

"हात हाय तसाच हाय."

"मंग कसं जमायचं, आई?"

"जमतंय. मारायचं त्यांनी, वढायचं म्या. आन् ऐक, दिवाळीला येताना पोती आनू नको, हायेत ती रिकामी करायचीत. ठिव आता, मासा साफ करायचाय."